बाटलीच्या मापाचा खिसा

शिवरामपेठ, म्हैसूर
१ सप्टेंबर १९९७

चि. वेंकटरमणास अज्जाचा आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. पाकीट एका बाजूने उकललं होतं. पुढच्या वेळी गोंद नीट लाव, पोस्टातली माणसं रिकामी असतात. तू खुशाल आहेस हे वाचून बरं वाटलं, पण पूर्ण बरं वाटलं नाही. तू लिहितोस, बोटीवर स्टोअरमध्ये काम आहे. कसलं स्टोअर? तांदळाचं? चादरींचं? शांताक्का म्हणते, "रंगण्णा, स्टोअर म्हणजे स्टोअर. सुम्मने, उगीच कशाला कीस काढतोस?" ती माझी धाकटी बहीण असली तरी बोलते सासूसारखी. पण मला वाटतं, माणूस ज्याचं नाव लिहायचं टाळतो तेच त्याला टोचत असतं.

मी चौथीपर्यंत शिकलेला, तीही कानडीत. मराठी अक्षरं भजनाच्या पोथीवरून गिरवली. तेव्हा माझं चुकलं तर हसू नकोस, आणि तू काय लपवतोस ते मला कळत नाही असंही समजू नकोस. आईबापामागे तुला मीच वाढवलं. तू लाडू चोरलास की आधी पाणी प्यायचास, हे मला आठवतं.

समुद्र फार हलतो का? जेवण शाकाहारी मिळतं का? गळ्यात माळ आहे ना? कडकोळला नवा कारखाना निघाला आहे, तिथे शर्ट शिवतात. कटिंगला माणूस हवा म्हणतात. मी बोलून ठेवलं आहे. येणार की नाही ते तू ठरव, पण मी बोलून ठेवलं आहे.

अज्जा


जिनोआ, इटली
१७ सप्टेंबर १९९७

ति. अज्जांना वेंकूचा नमस्कार.

तुम्ही ओळखलंत. स्टोअर बाटल्यांचं आहे. रागावू नका, आधी पूर्ण वाचा.

ही बोट म्हणजे तरंगतं हॉटेल आहे. जिनोआहून निघते, नेपल्स, पालेर्मो, ट्युनिस, बार्सिलोना करून परत जिनोआ. दर आठवड्याला नवे पाहुणे. बोटीवर दारू महाग, म्हणून लोक बंदरात उतरले की दुकानातून वाइन विकत घेऊन येतात. ते कंपनीला चालत नाही. नियम असा की बाहेरची बाटली शिडीच्या तोंडाशी आमच्या टेबलावर द्यायची. आम्ही तिच्या मानेला चिठ्ठी बांधतो, चिठ्ठीवर खोलीचा नंबर, आणि बाटली कुलपात. सफरीच्या शेवटच्या संध्याकाळी ज्याची त्याला परत. ते बांधायचं आणि ठेवायचं काम माझं. आपल्या दुकानात ट्रायलचे कपडे टांगून ठेवतो तसंच. मी चाखत नाही, हुंगतही नाही. माळ आहे.

लोक किती तऱ्हेने लपवून आणतात सांगू? एका आजीबाईंनी छत्रीत आणली. एकाने पावाच्या आत. आमचे स्टोअरकीपर गोव्याचे आहेत, सगळे त्यांना अंकल म्हणतात. ते म्हणतात, "वेंकू, देवळात चपला चोरणारी आणि बोटीवर वाइन चोरून आणणारी माणसं एकाच गावची."

एक गृहस्थ मात्र काही लपवत नाहीत. दर मंगळवारी नेपल्सला शिडी चढून येतात, कोटाच्या आतून बाटली काढतात, टेबलावर ठेवतात, "तीनशे सात" म्हणतात आणि गर्दीत आत जातात. चाळिशीच्या आतले, आपल्याकडचे दिसतात. पण आमच्या बोटीवर तीनशे सात खोली नाही. त्या मजल्यावर नुसत्या पाण्याच्या टाक्या आहेत. शेवटच्या संध्याकाळी ते बाटली न्यायला येत नाहीत. पाहुणे दर आठवड्याला बदलतात, हे बदलत नाहीत. अंकल म्हणतात, असेल कुणी कंपनीचा माणूस, तू चिठ्ठी बांध.

तुम्हाला आवडेल म्हणून कोटाचं सांगतो. असा कोट इकडे कुणी शिवत नाही. करडा, हाताने शिवलेला, आणि आतला डावा खिसा इतका खोल की अख्खी बाटली उभी बसते. खिशाला आतून जांभळ्या रेशमी काठाचं अस्तर आहे, आपल्या म्हैसूर साडीच्या काठासारखं. अशी कल्पना कुणाला सुचली असेल?

वेंकू


शिवरामपेठ, म्हैसूर
३ ऑक्टोबर १९९७

चि. वेंकटरमणास आशीर्वाद.

दारूचं नंतर बोलू. आधी एक गोष्ट पाहून लिही. त्या माणसाच्या कोटाच्या डाव्या बाहीला, आतल्या बाजूने, मनगटापाशी दोरा लोंबतो का?

आपल्या दुकानची रीत तू लहानपणापासून पाहिली आहेस. कोट पुरा झाला तरी डाव्या बाहीची शेवटची गाठ आपण मारत नाही. दोरा लोंबता ठेवतो. गिऱ्हाईक येतं, कोट अंगात घालतं, मग त्याच्या अंगावरच गाठ मारायची आणि म्हणायचं, "तुमचं तुम्हाला." तेव्हा तो कोट त्याचा होतो. माझ्या बापूंनी एकदा चुकून खंडोजीरावांच्या धाकट्या भावाच्या अंगावर गाठ मारली. कोट थोरल्याचा होता, पण राहिला धाकट्याकडे. थोरल्याला दुसरा शिवून दिला, वर शिव्या खाल्ल्या. गाठ मारली की मारली. आणि गिऱ्हाईक कोट न्यायच्या आधी वारलं, तर तो दोरा ओढून काढायचा आणि कपडा घरच्यांना द्यायचा. म्हणजे मेलेला मोकळा आणि कपडाही मोकळा.

बाटली बसेल असा खिसा मी जन्मात एकदाच शिवला. हयग्रीवरावांसाठी, एकसष्ट साली. सरकारी कचेरीत होते, विलायतेला जायला निघाले होते. खिशाच्या मापासाठी ते तिळेलाची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. मी म्हटलं, राव, तेल कशाला नेता? हसून म्हणाले, "रंगराव, बोटीवर प्यायला महाग पडतं म्हणतात. बंदरात उतरायचं, घ्यायचं, खिशात घालून वर यायचं." मी माळकरी, पण खिसा म्हणजे खिसा. त्यात कुणी काय ठेवावं हे शिंप्याने विचारू नये. तुझ्या अज्जीच्या साडीचा जांभळा काठ उरला होता, तो आतून लावला. बाटली ते दुकानातच विसरले. ती आपल्या देव्हाऱ्याच्या कोनाड्यात आहे, तीच, हिरव्या काचेची. आपण त्यातच दिव्याचं तेल भरतो.

तो कोट त्यांनी कधी नेला नाही. आजही माझ्या कपाटात आहे. म्हणजे तुझा माणूस दुसराच कुणी असणार. तरी काल कपाट उघडलं. कोटाचे खांदे ओले होते, आणि खालच्या काठावर पांढरं मीठ धरलं होतं. शांताक्का म्हणाली, उंदीर मुतला असेल. मी म्हटलं, उंदीर खांद्यावर चढून मुततो का? ती म्हणाली, म्हैसूरचे उंदीर चढतात.

दोऱ्याचं लवकर लिही. आणि त्या माणसाशी बोलू नकोस.

अज्जा


जिनोआ
२० ऑक्टोबर १९९७

ति. अज्जांना नमस्कार.

दोरा आहे. डाव्या बाहीला, आतून, वीतभर.

तुमचं पत्र यायच्या आधीच मी बोललो होतो. त्यांनी बाटली ठेवली तेव्हा दोरा टेबलावर घासला. शिंप्याच्या घरात वाढल्यावर हात गप्प राहतो का? मी इंग्रजीत म्हटलं, सर, कापून देऊ का? त्यांनी झटक्याने हात मागे घेतला. मग माझ्या गळ्यातली माळ पाहिली आणि मराठीत म्हणाले, "कापू नको. गाठ मार. तू शिंप्याचा ना?" आपल्या म्हैसुरातल्या वैष्णव ब्राह्मणांच्या घरी बोलतात तसंच मराठी, हेल काढून. मी म्हटलं, हो, शिवरामपेठेचा. ते म्हणाले, "फार वर्षं झाली. शिंप्याच्या घरचं कुणी या वाटेला आलंच नाही."

मी तिथेच गाठ मारायला गेलो. ते म्हणाले, "इथे नको. बोटीवर माझं काही नाही. खाली ये. वाइनच्या दुकानाबाहेर बाक आहे, तिथे बसून मार. मग मी सुटलो."

दुसरी गोष्ट सांगायची की नाही, ठरत नव्हतं. त्यांच्या बाटल्या साठत चालल्या म्हणून अंकलनी एक उघडली. बूच पक्कं होतं, लाखही पक्की. आत वाइन नव्हती, समुद्राचं पाणी होतं. अंकलनी ती बेसिनमध्ये ओतली, छातीवर क्रूसाची खूण केली, आणि तेव्हापासून अंकल मंगळवारी टेबलाशी येत नाहीत. मला म्हणतात, दुकानदाराने फसवलं असेल. असेल. पण दर वेळी?

मला पंचवीस नोव्हेंबरला नेपल्सला खाली उतरायची सुट्टी आहे. हयग्रीवरावांचं पुढे काय झालं, ते तुम्ही लिहिलं नाहीत.

वेंकू


शिवरामपेठ, म्हैसूर
५ नोव्हेंबर १९९७

वेंकू, खाली उतरू नकोस. हे पत्र मिळेल तिथे उभा राहून वाच, आणि उतरू नकोस.

हयग्रीवरावांचं सांगतो. कोट तयार होता. ट्रायल झाली होती, तेव्हा बोटीवर तीनशे सात नंबरची खोली मिळाली म्हणून सांगत होते. दुसऱ्या दिवशी येतो म्हणाले. पण मुंबईहून तार आली, बोट आधीच सुटते, त्याच संध्याकाळच्या गाडीने निघा. ते तसेच टांग्यातून दुकानाशी आले. त्या दिवशी एकादशी होती. एकादशीला आपण सुई हातात धरत नाही, दुकान बंद. मी देवळात भजनाला होतो. शेजारचे सांगत होते, पायरीवर बराच वेळ उभे होते, फळीवर थाप मारत होते. मग बिनकोटाचे गेले. नेपल्सला वाइन घ्यायला खाली उतरले. बोटीचा भोंगा झाला, सगळे वर आले, ते आले नाहीत. बोट निघून गेली. प्रेत सापडलं नाही, पत्ता सापडला नाही.

मेलेल्याचा दोरा ओढायचा, जित्याची गाठ मारायची. हरवलेल्याचं काय करायचं, हे बापूंनी सांगितलं नव्हतं. म्हणून तो कोट मी तसाच ठेवला, ना गाठ, ना मोकळा.

तुझं पत्र आल्यावर मी कोट पिशवीत घालून बसने सोसल्याला गेलो. त्यांच्या पत्नी वेदवतीबाई तिथे मठाजवळ भावाच्या घरी राहतात. कपाळाला ठसठशीत कुंकू. मी ओसरीवरच बसलो. म्हटलं, बाई, आता पुरे झालं. तुम्ही हो म्हणा, दोरा ओढतो. ते मोकळे होतील.

त्या म्हणाल्या, "रंगराव, मी विधवा आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी पिशवीत घातलेला हात बाहेर घेतला.

"दर मंगळवारी दारात उभे असतात. थंडी वाजते म्हणतात. मागल्या महिन्यात एका मंगळवारी मात्र यजमान हसले. म्हणाले, शिंप्याच्या घरचं कुणीतरी भेटलं, आता होईल." मग माझ्याकडे नीट पाहून विचारलं, "तुमच्या नातवाचे डोळे पिंगट आहेत का हो? डाव्या भुवईवर खूण?"

वेंकू, त्यांनी तुला कधी पाहिलेलं नाही. भुवईवरची खूण तर तुला कडकोळच्या बसमधून पडून झाली, त्याला सहा वर्षंही झाली नाहीत.

मी हात जोडले. म्हटलं, माझा एकच आहे, त्याला नेऊ नका. त्या म्हणाल्या, "नेणारे ते नाहीत. पण खाली गेलेलं माणूस वर येत नाही, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं." आणि उठून आत गेल्या. कोटाला त्यांनी हात लावला नाही.

पत्राला पंधरा दिवस लागतात, म्हणून एसटीडी बूथवर गेलो. तुझ्या जिनोआच्या एजंटच्या ऑफिसला फोन लावला. एक मुलगी त्यांच्या भाषेत बोलली. मी वेंकू, वेंकू म्हणत राहिलो. बूथवाल्याने घेऊन इंग्रजीत सांगितलं, तिने ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. नुसतं वाजत राहिलं.

उतरू नकोस. माझी शपथ आहे.

अज्जा


जिनोआ
१२ नोव्हेंबर १९९७

ति. अज्जांना नमस्कार.

तुमचं पत्र या फेरीला आलं नाही. एजंटच्या ऑफिसात संप चालू आहे म्हणतात, टपालाच्या पिशव्या तशाच पडल्या आहेत. काळजी करू नका, मी ठीक आहे.

गेल्या मंगळवारी पुन्हा ते आले. मी पंचवीसला उतरतो म्हणून सांगितलं. त्यांचा चेहरा कसा झाला काय सांगू! लहान मुलाला जत्रेला नेतो म्हटल्यावर होतो तसा. म्हणाले, "धक्क्याच्या टोकाला दुकान आहे. मी वाट पाहीन. मग बाटली तू घेऊन वर जा, मला नको." मी हात मिळवला. बर्फ, अज्जा. शिरशिरी खांद्यापर्यंत आली. पण मला त्यांची दया येते. भुताखेताचं माझ्याही मनात येतं, नाही असं नाही. पण माणसाला कुणी एक गाठ मारून द्यायला काय हरकत आहे? तुम्हीच शिकवलंत, गिऱ्हाईक ताटकळत ठेवू नये.

सुई आणि मेण लावलेला दोरा काढून ठेवला आहे. त्या दिवशी एकादशी आहे हे मागाहून लक्षात आलं. समुद्रावर एकादशी मोडली तर विठोबा समजून घेईल ना?

वेंकू


शिवरामपेठ, म्हैसूर
२४ नोव्हेंबर १९९७, सोमवार

चि. वेंकू,

तुझं बाराचं पत्र आज आलं. माझं तुला मिळालेलं नाही, आणि उद्या मंगळवार. हे पत्रही तुला नंतरच मिळेल. तरी लिहितो.

आज फोन तीनदा लावून झाला. बूथवाला म्हणाला, "ताता, तुम्ही घरी जा, लागला तर मी धावत येऊन सांगतो." धावत कुणी आलं नाही.

मी खूप विचार केला. मला विचार करायची सवय नाही, काळजी करायची आहे. दोन्ही एकच असं शांताक्का म्हणते. ते एक नाही, हे मला आज कळलं. हयग्रीवराव कशासाठी थांबले आहेत? कोटाच्या गाठीसाठी. दोरा ओढायला वेदवतीबाई हो म्हणत नाहीत, आणि त्यांच्या कुंकवापुढे माझं काही चालत नाही. मग राहिली गाठ. गाठ अंगावर मारायची. पण कुणाच्या अंगावर? खंडोजीरावांच्या भावाची गोष्ट मला आठवली. कोट ज्याच्यासाठी शिवला त्याचा नसतो, गाठ ज्याच्या अंगावर बसते त्याचा होतो. उद्या मी तो कोट अंगात घालीन, गाठ मारीन आणि मोठ्याने म्हणेन, माझं मला. मग त्यांचा कोट उरणार नाही, तर त्यांचं तुझ्याशी कामही उरणार नाही.

तिकडे सकाळ म्हणजे इकडे दुपार. तू उतरायच्या आत व्हायला हवं. जेवण नाहीच, एकादशी आहे. सुई लागणार नाही, दोरा बाहीत आहेच. उजव्या हाताने आणि दातांनी गाठ मारता येते, मी तुला शिकवली होती. शांताक्काला मार म्हटलं तर ती म्हणाली, "मी नाही मारणार, आणि तूही मारू नकोस. कोटाबरोबर कोटाचं जे असेल तेही अंगावर येईल." मी म्हटलं, काय येईल? थंडी येईल. नोव्हेंबर आहे, कोट बरा.

मला भीती वाटत नाही असं लिहिणार होतो. लिहीत नाही. तू अक्षर पाहून ओळखशील.

खिसा रिकामा कसा ठेवायचा? रिकाम्या हाताने कुणी बोटीवर चढत नाही. कोनाड्यातली तेलाची बाटली त्यात ठेवीन. खिसा तिच्याच मापाचा आहे.

कडकोळचं विसरू नकोस. माळ काढू नकोस. गार पाण्याने डोकं धुऊ नकोस.

तुझा अज्जा


नेपल्स
२५ नोव्हेंबर १९९७

अज्जा,

हे मी टेबलाशी बसून लिहितो आहे. बोट सुटायला अवकाश आहे, पण मी खाली गेलो नाही. जाणार नाही.

सकाळी सुट्टीचा पास घेऊन, सुईदोरा खिशात टाकून, मी शिडीपाशी उभा होतो. पाहुणे उतरून गेले होते. धक्क्याच्या टोकाकडून तो करडा कोट येताना दिसला. मी हात वर केला. मला वाटलं, मला न्यायला इतके आतुर झालेत की स्वतःच आले.

जवळ आल्यावर पाहिलं, बाह्या लांब होत्या. बोटांवरून खाली आलेल्या. हयग्रीवरावांना तो कोट मापाचा होता. हे माणूस बुटकं, वाकलेलं, आणि चालताना उजवा खांदा पुढे. मशीन चालवून चालवून होतो तसा. शिडी चढताना प्रत्येक पायरीवर थांबत होतं, खाली पाण्याकडे बघत होतं, कठडा घट्ट धरत होतं. समुद्राला इतकं घाबरणारं माणूस मी एकच ओळखतो, आणि त्याने समुद्र कधी पाहिलेला नाही.

तुम्ही माझ्यासमोर उभे राहिलात. डावी बाही वर सारून मला मनगट दाखवलंत, ट्रायलला गिऱ्हाईक दाखवतं तसं. गाठ मारलेली होती. दातांनी मारलेली, तुमची.

मी म्हटलं, अज्जा? तुम्ही इथे कसे? तुम्ही आतल्या खिशातून बाटली काढलीत आणि टेबलावर ठेवलीत. हिरवी काच, भोवती कानडी वर्तमानपत्र. मी सवयीने विचारलं, "खोली नंबर?" तुम्ही म्हणालात, "खोली नको. घरी घेऊन जा. तुमचं तुम्हाला." मला तुम्ही अहो-जाहो कधी करत नाही. गिऱ्हाइकाला करता.

मग वळून शिडी उतरायला लागलात. मी मागे धावलो. पहिल्या पायरीवर पाय ठेवणार, तेवढ्यात तुम्ही मागे न बघता हात वर केलात. लहानपणी मशीनच्या पट्ट्यापाशी गेलो की करायचात, तसा. पाय उचललाच नाही माझा. तुम्ही धक्क्याच्या टोकाकडे चालत गेलात. तिकडच्या दुकानापाशी एक माणूस नुसत्या शर्टात उभा होता. त्याने तुम्हाला नमस्कार केला, आणि गावाकडच्या चढाने भराभर निघून गेला, बऱ्याच दिवसांनी घरी निघाल्यासारखा. तुम्ही बाकावर बसलात. अजून बसलेले दिसता. भोंगा होईल तेव्हा तरी वर या.

बाटली मी कुलपात ठेवली नाही. मांडीवर आहे. बूच काढून पाहिलं. खारं पाणी नाही, तेल आहे. वास आपल्या देव्हाऱ्याचा येतो.

मी जिनोआला राजीनामा देतो आणि घरी येतो. अज्जा, हे पत्र मिळताच लिहा की तुम्ही मंगळवारी दिवसभर दुकानात होतात. एवढं एकच लिहा.

वेंकू


शिवरामपेठ, म्हैसूर
२८ नोव्हेंबर १९९७

चि. वेंकूस शांताक्काचा आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, आणि असं पत्र लिहावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. रंगण्णा मंगळवारी दुपारी गेला. तू मन घट्ट कर.

दुपारी दुकानाची फळी आतून लावून घेतली. मी हाक मारली तर म्हणाला, "शांते, थोडा वेळ गप्प बस, लक्ष लागू दे." मग मोठ्याने काहीतरी म्हणाल्यासारखं ऐकू आलं. नंतर आवाज नाही. शेजाऱ्यांनी फळी काढली तेव्हा खुर्चीत बसला होता, बनियनवर. दातांत दोऱ्याचं टोक तसंच होतं. चेहरा शांत होता. तुला ठाऊक आहे तो कधी शांत नसायचा, म्हणून मी आधी ओळखलंच नाही.

अंग गार होतं आणि पाय घोट्यापर्यंत ओले होते. दुकानात पाणी सांडलेलं नव्हतं.

तो करडा कोट कुठे दिसत नाही. कपाट पाहिलं, माळा पाहिला. कुणी नेला म्हणावं तर फळी आतून लावलेली. काल सोसल्याहून माणूस आला होता. वेदवतीबाईंनी कुंकू पुसलं म्हणाला. मंगळवारी यजमान आत आले, त्यांच्या हातचं पाणी प्यायले आणि गेले, असं त्या सांगतात. वय झालं की माणूस काहीही सांगतं.

तुझी नोकरी सोडून ये असं मी म्हणत नाही. पण ये. कडकोळचा माणूस विचारायला आला होता, रंगण्णाने त्याला तू येणार म्हणून पक्कं सांगून ठेवलं होतं.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. त्याच्या उशाशी दिवा लावायला म्हणून कोनाड्यात हात घातला तर ती हिरवी बाटलीही जागेवर नव्हती. इतकी वर्षं त्या दिव्याला दुसरं तेल कधी घातलं नव्हतं. शेवटी शेजारून आणावं लागलं.

शांताक्का